आधी कारण, मग किंमत

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पंचवटीत पाहिलेली 2013 ची डिझेल गाडी, मालकाने सांगितलेली एक लाख दहा हजारांची किंमत, ‘चेनचा थोडा आवाज आहे, बाकी इंजिन ठणठणीत’ हे त्याचे म्हणणे आणि दुरुस्त करून ती दोन लाख चाळीस हजारांना विकण्याचा तुझा बेत, हे सगळे मी दोनदा वाचले. आयटीआय करून तू दोन वर्षे अंबडच्या गॅरेजमध्ये काम केले आहेस, तेव्हा पाना कसा धरावा हे तुला सांगायला नको. मला सांगायचे आहे ते पाना हातात घेण्याच्या आधीचे आहे. मालक जे सांगतो ते दुखण्याचे लक्षण असते; खर्च करावा लागतो तो त्याच्या कारणावर, आणि ते कारण कळल्याखेरीज गाडीची किंमत ठरवता येत नाही.

हे मी फार महागात शिकलो. जुन्या गाड्या दुरुस्त करून विकण्याच्या व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी मी एक छोटी पेट्रोल गाडी घेतली होती. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचा (हेडखालचा) सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेले होते: कूलंटच्या टाकीत बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली साय जमल्यासारखा थर. मी हेड उतरवले, त्याचा तळ घासून सपाट करून (फेसिंग) घेतला, नवे गॅस्केट टाकले आणि महिन्याभरात ती सिन्नरच्या एका शिक्षकांना विकली. पुढे ते कुटुंबासह मुंबईहून परतत असताना कसारा घाटाच्या चढावर इंजिन तापले आणि ऐन मे महिन्यात, दोन लहान मुलांसह, ते चार तास रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गॅस्केट का गेले, हे मी शोधलेच नव्हते. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतल्यामुळे रेडिएटरच्या नळ्या क्षाराने निम्म्या बुजल्या होत्या आणि गाडी तापते म्हणून कोणीतरी कूलंटचा प्रवाह गरजेप्रमाणे सोडणारा थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. शहरात फिरताना हे लपून राहिले, घाटात उघडे पडले. मी गाडी परत घेतली आणि पूर्ण पैसे दिले. पण त्या शिक्षकांनी मला एकही कठोर शब्द ऐकवला नाही, याचे ओझे पैशांपेक्षा जड होते.

आता तुझ्या गाडीकडे येऊ. तिच्यात फियाटने विकसित केलेले 1248 सीसीचे डिझेल इंजिन आहे. हेच इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसवले गेले, त्यामुळे मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या तरी त्याचे सुटे भाग आणि जाणकार हात नाशिकमध्ये सहज मिळतात. ही या सौद्याची जमेची बाजू आहे. या इंजिनात झडपा वेळेवर उघडण्यासाठी टायमिंग बेल्टच्या जागी चेन असते आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदलले गेले तर चेन बराच काळ टिकते. म्हणून ती वाजू लागली की पहिला संशय ऑइलवर घ्यावा. ऑइल वर्षानुवर्षे तसेच राहिले असेल, तर तळाशी काळा गाळ साचतो आणि ऑइल पंपाची जाळी बुजते. मग ज्या ऑइलवाचून चेन झिजली, त्याच ऑइलवाचून क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) बेअरिंग आणि इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बोही उपाशी राहिलेले असतात. अशा इंजिनात नुसते चेन किट टाकले तर आवाज काही महिने बंद होईल आणि नंतर बेअरिंग वाजू लागेल, पण तेव्हा गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात उभी असेल.

म्हणून ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावून, इंजिन पूर्ण तापल्यावर, आयडलवर (एक्सिलरेटर न दाबता) आणि वाढवलेल्या वेगावर दाब मोज. त्यानंतर शक्य असेल तर ऑइल चेंबर उतरवून जाळी आणि एखादे बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथले) डोळ्यांनी पाहा. मालक सहसा याला तयार होत नाहीत. अशा वेळी नव्या ऑइलचा, फिल्टरचा आणि सीलंटचा खर्च आपण देऊ, सौदा झाला नाही तरी देऊ, असे आधीच सांगावे. दोन-तीन हजार रुपयांत तुला इंजिनाचे पोट बघायला मिळते. त्यालाही जो मालक ठाम नकार देईल, त्याच्या गाडीत सर्व वाईट आहे असे समजूनच किंमत लावावी.

इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तिथून धूर-हवा किती जोराने येते, ते तर तू पाहशीलच. त्यावर न थांबता सिलिंडरांतला दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्टही करून घे. चांगल्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला साधारण 350 ते 450 पीएसआय दाब मिळतो, मात्र नेमक्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडरांमधील तफावत जास्त बोलकी असते. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर हेड किंवा पिस्टनचे काम निघणारच. एक सावधगिरी बाळग: टेस्टर ग्लो प्लगच्या (गार इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून लावायचा असतो आणि जुने ग्लो प्लग गंजून असे घट्ट बसतात की जोर केल्यास आतच तुटतात. इंजिन कोमट असताना, आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून, हलक्या हाताने सोडव. जागचा हलत नसेल तर हट्ट धरू नकोस, कारण गाडी अजून तुझी झालेली नाही.

गाडी पंचवटीतली आहे म्हणून आणखी एक शंका मनात ठेव. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला आणि पाणी दुतोंड्या मारुतीवर चढले, तेव्हा काठावरच्या भागात किती वाहने पाण्यात गेली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते बघ आणि पायाखालचा गालिचा उचलून पत्रा तपास. पाणी ओढलेल्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो, पिस्टन पूर्ण उंचीपर्यंत येत नाही आणि त्याच एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी दाखवते.

तुझा हिशेब मला पटला नाही. तू चेन किट आणि मजुरीचे अठरा हजार धरून बाकी सगळा नफा मांडला आहेस. मी क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, रिंगा, हेडचे काम, टर्बो आणि गॅस्केट सेट मिळून 75,000 धरीन. टायर-बॅटरीचे 20,000 आणि कागदपत्रे व विम्याचे 10,000. विक्रीची किंमत गिऱ्हाईक घासाघीस करणार म्हणून 2,20,000 धरू. शिल्लक राहतात 1,15,000, आणि त्यातून तुझ्या महिन्याभराच्या कष्टाचे व जोखमीचे 35,000 वगळले तर या गाडीला तू 80,000 पर्यंतच जाऊ शकतोस. बेअरिंग चांगले निघाले तर तुझा नफा वाढेल. नाही निघाले, तरी तुझ्या आईने साठवलेले पैसे बुडणार नाहीत. तू लिहिलेस की त्यातले निम्मे पैसे तिचे आहेत. ते वाचूनच मी एवढे सविस्तर लिहीत आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत तू मालकाची सही घेतलेले टी.टी. (मालकी हस्तांतरणाचे) फॉर्म तसेच ठेवून गाडी परस्पर पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावावर करण्याचा विचार लिहिला आहेस. तो सोडून दे. मोटार वाहन कायद्यानुसार घेणाऱ्याने तीस दिवसांत मालकी हस्तांतरणाची नोंद करायची असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे की अपघात झाल्यास नोंदीवर ज्याचे नाव आहे तोच मालक म्हणून भरपाईला जबाबदार धरला जाईल. म्हणजे तुझ्या चाचणी फेरीत काही विपरीत घडले तर त्या बिचाऱ्या विक्रेत्याच्या दारात समन्स जाईल. फॉर्म 29 आणि 30 भरून पेठ रोडच्या आरटीओत गाडी आधी स्वतःच्या नावावर कर. जुन्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एन.ओ.सी. (ना-हरकत) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस, आणि इंजिन नंबर आर.सी.शी (नोंदणी पुस्तिकेशी) स्वतः ताडून पाहा, कारण अशा गाड्यांत दुसरे इंजिन बसवलेले असणे नवल नाही. पुढे हाच व्यवसाय करायचे ठरवलेस तर 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, हेही ध्यानात असू दे.

काम पूर्ण झाल्यावर लगेच विकायला काढू नकोस. पाचशे किलोमीटर चालव, त्यात एकदा दुपारच्या उन्हात, चार माणसे बसवून आणि एसी लावून कसारा घाट चढव. घेणाऱ्याला सगळी बिले, उघडलेल्या इंजिनाचे फोटो आणि काढलेली जुनी चेन दाखव; काय बिघडले होते आणि का बिघडले होते हे त्याने न विचारता सांग. त्यामुळे दहा-पंधरा हजार कमी मिळाले तर मिळू देत.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी नाशिकच्या द्वारका चौकात उभा राहीन, तिथून आपण दोघे पंचवटीत जाऊ. मालकाला शनिवारी रात्रीच फोन करून सांग की आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. चेनचा खरा आवाज गार इंजिनाच्या पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येतो. तिथे गेल्यावर बोलणे सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवून बघ. ते कोमट लागले तर त्या दिवशी सौद्याचा विषय काढायचा नाही.

तुझा,
काका