दिवाडीचा दिवड आणि अँटिगाचा गरीब साप

प्रश्न: सर, मी दिवाडी बेटावरनं लिहितेय. आमच्या माडांवर उंदरांनी उच्छाद मांडलाय, कोवळे नारळ पोखरून खाली टाकतात. त्यात गेल्या आठवड्यात विहिरीपाशी दिवड निघाला तर शेजारच्या काकांनी तो मारूनच टाकला, आणि आता म्हणतात चार मुंगसं आणून सोडूया, उंदीरही जातील नि सापही. मुलगा म्हणतो वेस्ट इंडीजच्या कुठल्यातरी बेटावर असंच करून एक बिनत्रासाचा साप संपत आला होता. खरं का हे?

उत्तर: अगदी खरं, आणि हे काकांना वाचून दाखवाच.

तो साप अँटिगाचा, व्हिव रिचर्ड्सच्या बेटावरचा, नाव अँटिगन रेसर. स्वभावाने एकदम गरीब, माणसाला काही करत नाही, हातात धरला तर फार तर घाणेरडा वास सोडतो. मादी मोठी, मीटरभर लांब, चंदेरी करडी, नर लहान नि गडद तपकिरी. खाणं म्हणजे मुख्यतः सरडे, तेही दिवसा, पाचोळ्यात दबा धरून. हे दिवसा लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथेच आहे.

झालं काय की युरोपच्या जहाजांतून उंदीर त्या बेटांवर उतरले आणि उसाच्या मळ्यांत माजले. मग १८७२ मध्ये जमैकाच्या एका मळेवाल्याने नऊ मुंगसं मागवली, कुठून माहितेय, आपल्या कलकत्त्याहून! तिथून ती बेटाबेटांवर पसरली, अँटिगावरही आली. पण मुंगूस फिरतं दिवसा आणि उंदीर निघतो रात्री, शिवाय झाडावर चढून बसतो, मग मुंगसाच्या तोंडी सोपं कोण लागणार, दिवसा पाचोळ्यात पडलेला हाच साप. अँटिगावरनं तो पार नाहीसा झाला, लोकांना वाटलं संपला.

राहिला कुठे, तर ग्रेट बर्ड नावाच्या जेमतेम ८ हेक्टरच्या बेटावर, कारण मुंगूस तिथे पोचलंच नव्हतं. उंदीर मात्र पोचले होते (ते कुठे पोचत नाहीत म्हणा), आणि ते सापाची अंडी खायचे, जिवंत सापांच्या शेपट्याही कुरतडायचे. १९९५ मध्ये मोजणी झाली तेव्हा अख्ख्या जगात साधारण ५० साप शिल्लक. मग विष घालून तिथले उंदीर साफ केले, तर दोनच वर्षांत साप दुप्पट, पुढे जवळच्या उंदीर काढलेल्या बेटांवरही सोडले आणि संख्या हजाराच्या वर गेली.

आता तुमचा दिवड. डिवचला तर चावतो, पण विष नाही, बेडूक नि मासे खातो. उंदीर खाते ती धामण, ती दिसली तर काकांना तेवढं घरात थांबवा. मुंगसं आपल्याकडे आधीच आहेत, पकडून आणणं हा गुन्हा, वर तुमच्या कोंबड्यांची अंडी खाईल ते वेगळंच.

उंदरांसाठी माडाच्या खोडाला पुरुषभर उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा ठोका, नखं टिकत नाहीत त्यावर. फक्त झावळ्या एकमेकींना लागत असतील तर एका माडाला पट्टा लावून काही होणार नाही, शेजारच्या माडावरनं येतील, सगळ्यांना लावा. आणि काकांच्या माडांनाही.