मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून

"मॅडम, ह्यांचा स्वभावच तापट आहे, काही होऊ शकतं का?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या बायका विचारतात, कधी कधी पुरुष स्वतःसाठीही विचारतात, की म्हटलं आज लिहूनच टाकू.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतले एक सुपरवायझर, वय चाळीसच्या आसपास (ओळख बदललीये). द्वारका चौकात मागच्याने सारखा हॉर्न वाजवला म्हणून गाडी स्टँडला लावून ह्यांनी त्याची कॉलर धरली. कंपनीत पोरं हसली की ह्यांच्यावरच हसली, बायको फोनवर हळू बोलली की ह्यांच्याबद्दलच.

रागाबद्दल मी काही बोललेच नाही. एवढंच विचारलं, "तुम्ही स्वतः हॉर्न कधी वाजवता?"

"उशीर झाला की. पोरीचा क्लास सुटलेला असतो ना."

"आणि मागचा वाजवतो तेव्हा?"

"माज असतो त्यां..." वाक्य अर्धंच राहिलं. हेल्मेटचा पट्टा नुसता लावत-काढत बसले, मग हळूच म्हणाले, "त्यालाही उशीर झाला असेल का हो?"

हे त्यांच्या तोंडून आलं, मी सांगितलं नाही, याचं मला फार समाधान आहे.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांना मानणारी. घटना आणि राग यांच्यामध्ये आपण लावलेला अर्थ असतो. 1980 साली मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग केला, दुसऱ्या मुलाने पझल मोडलं पण मुद्दाम की चुकून ते कळत नव्हतं, तेव्हा मारकुट्या मुलांनी ते मुद्दामच धरलं. चुकून झालंय हे स्पष्ट होतं तिथे मात्र तीच मुलं इतरांसारखी वागली! म्हणजे चटकन बिथरणारा, कमी जुळवून घेणारा स्वभाव असला की आक्रमकपणा जास्त दिसतो हे खरंच, पण स्वभाव लवकर बदलत नाही, अर्थ लावायची सवय बदलता येते.

म्हणून पारा चढला की आधी विचारा, त्याने मुद्दाम केलं हे मला कशावरून कळलं? मी असं केलं असतं तर कशामुळे? समोरचा खरंच वाईट वागला असेल तर तोंडाने बोला, हात खिशात. आणि घरच्यांनो, "शांत व्हा शांत व्हा" म्हणून काही होत नाही, त्यापेक्षा "आईच्या गोळ्यांबद्दल बोलत होते" असं सरळ सांगून टाका, संशयाला जागाच उरत नाही.

पण घरात हात उठत असेल तर समजावत बसण्याची जबाबदारी तुमची नाही. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित करा, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन लावा, त्याचं समुपदेशन नंतर.