गणिताचा कट्टा : न्यूटन अडखळतो कुठे?

प्रश्न : सर, प्रॅक्टिकलला क्ष³ − ५क्ष² + ८क्ष − ४ = ० हे समीकरण होतं. न्यूटन-रॅफसनने (एका अंदाजापासून निघून दर पायरीला उत्तराच्या जवळ नेणारी पद्धत) ३ पासून सुरुवात केली. दहा पायऱ्यांनंतरही उत्तर २.००१८ वरच, २ काही येईना. पुस्तकात तर अचूक अंक दर पायरीला दुप्पट होतात असं लिहिलंय. माझं काय चुकलं?
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : अगं, तुझं काहीच चुकलं नाही. तुझं पत्र आलं त्या सकाळी चहा घेता घेता नातीच्या कॅल्क्युलेटरवर मीही करून पाहिलं. २.६, २.३४७, २.१९४, २.१०४, २.०५४. चहा गार झाला, पण न्यूटनसाहेब रांगतच होते.

आधी त्यांची खरी चाल बघ. २ चं वर्गमूळ काढायला १ पासून निघ. दर वेळी हातातली संख्या आणि २ भागिले ती संख्या, यांची सरासरी घे. १.५, मग १.४१६७, मग १.४१४२१५७. चूक साधारण ०.०८६, ०.००२५, ०.०००००२१ एवढी. चौथ्या पायरीला अकरा दशांश बरोबर! (तिसरी पायरी म्हणजे ५७७/४०८. बौधायनाच्या शुल्बसूत्रातली किंमत नेमकी हीच, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तीस वर्षं मुलांना न सांगता शिकवलं, त्याची रुखरुख आहे.)

आता तुझ्या समीकरणाचे अवयव पाड : (क्ष − १)(क्ष − २)². २ हे दुहेरी मूळ आहे, म्हणजे तेच उत्तर दोनदा येतं. तिथे आलेख अक्षाला छेदत नाही, नुसता टेकतो, त्यामुळे उतारही शून्याकडे जातो. मग चूक दर पायरीला जेमतेम निम्मी होते, म्हणजे बायसेक्शनचाच (दर वेळी अंतर निम्मं करत जाण्याच्या पद्धतीचा) वेग. अंक दुप्पट होण्याचं पुस्तकातलं वचन साध्या, म्हणजे एकदाच येणाऱ्या मुळापुरतंच आहे. ती अट बहुतेक प्रमेयाच्या पहिल्या ओळीत असते आणि परीक्षेच्या घाईत आपण तीच ओळ गाळतो.

उत्तर माहीत नसताना हे ओळखायचं कसं? लागोपाठच्या किमतींतले फरक मांड : ०.४, ०.२५३, ०.१५४, ०.०९०, ०.०५०. प्रत्येकाला आधीच्याने भाग. भागाकार ०.५ कडे सरकतोय ना? मग दुहेरी मुळाची शंका घ्यायची आणि दुरुस्तीचं पद (दर पायरीला जुन्या किमतीतून वजा होतं ते) दोनने गुणायचं. ३ पासूनच पुन्हा कर : २.२, २.०१५४, २.०००१, आणि चौथ्याला आठ दशांशांपर्यंत २.

आणखी एक. तुझ्या प्रोग्रॅममध्ये ‘फलनाची (समीकरणाच्या डाव्या बाजूची) किंमत अगदी लहान झाली की थांब’ असं लिहिलं असेल, तर ते काढ. २.०००१ ला ती किंमत ०.०००००००१ च्या आसपास येते, आणि मूळ मात्र चौथ्या दशांशातच चुकलेलं असतं.