विजेच्या तारा बदलल्याने वणवे खरंच कमी होतात का?

होतात, पण नेमकं काय बदलता त्यावर सगळं आहे. कॅलिफोर्नियातलं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'कॅम्प फायर' नावाचा वणवा पेटला तो जवळपास शंभर वर्षं जुन्या लाइनवरच्या एका झिजलेल्या लोखंडी हुकमुळे. हुक तुटला, तार सुटून टॉवरला लागली, आर्क (हवेतून उडणारी विजेची प्रखर ठिणगी) झाला आणि वितळलेल्या धातूचे थेंब खालच्या वाळक्या गवतात पडले. ८५ माणसं गेली, पॅराडाइज गाव जवळजवळ संपलं. तिथे झाडं कितीही छाटली असती तरी उपयोग नव्हता. हुक वर चढून जवळून पाहायला हवा होता.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे भूमिगत केबल. पण डोंगरात खडक फोडून चर खणायचा म्हणजे खर्च आणि वर्षं, दोन्ही अफाट. म्हणून बऱ्याच ठिकाणी उघड्या तारा काढून आवरणाच्या तारा ओढतात. वाऱ्यात दोन तारा एकमेकींवर आपटल्या किंवा फांदी टेकली तरी सहसा ठिणगी उडत नाही. अख्खं झाडच कोसळलं तर मात्र आवरणाची तारही तुटते, आणि आवरणामुळे जमिनीवर पडलेली तार जिवंत असल्याचं यंत्रणेला कधीकधी उशिरा कळतं.

म्हणून मी तरी नुसत्या तारेवर थांबणार नाही. सबस्टेशनमधलं संरक्षणही बदलायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००९ च्या भीषण वणव्यांनंतर अशी उपकरणं बसवली, की तार जमिनीला टेकताच तिच्यातला व्होल्टेज क्षणार्धात जवळपास शून्यावर येतो.