गावातही पोट सुटते, ते का?

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. यजमानांनी शेती बटाईने देऊन किराणा दुकान टाकल्यापासून त्यांचे पोट सुटले आहे; सासूबाई याला 'खात्यापित्या घरचे लक्षण' म्हणतात. काळजी करावी का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, अवश्य करावी. भारतीयांमध्ये चरबी पोटाभोवती लवकर साठते आणि त्यामुळे वजन फारसे नसतानाही मधुमेह व उच्च रक्तदाब जडू शकतो. म्हणून टेपने कंबर मोजावी, पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक घेर धोक्याचा मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातही पाचांपैकी जवळपास एक स्त्री अतिवजनाची आहे.

ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी हे आपले जेवण उत्तमच. घात होतो तो दिवसभरच्या बैठकीने, गल्ल्याशेजारच्या बरणीतल्या बिस्किटांनी, वारंवारच्या गोड चहाने आणि भाजीवर तरंगणाऱ्या तर्रीने. तेल माणशी महिन्याला पाऊण किलोच्या आसपास पुरवावे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे, उन्हाळ्यात पहाटेच. तिशी उलटली असल्यास उपकेंद्रात रक्तदाब व साखर मोफत तपासून घ्यावी, आणि सासूबाईंनाही सोबत न्यावे.