सालदार पणजोबांचं गाव कसं शोधावं?

प्रश्न : माझं माहेर आर्वी तालुक्यातलं. पणजोबा वऱ्हाडातून वर्धा नदी ओलांडून इकडं आले आणि मालगुजाराकडे, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या जमीनमालकाकडे, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी राहिले, एवढंच घरात माहीत आहे. कोणत्या गावाहून आले ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. आडनाव पिंपळकर, म्हणून आपण पिंपळगावचे, असं बाबा म्हणायचे. आजोबांनी पुढं दोन एकर वावर विकत घेतलं, ते आज भावांच्या नावावर आहे. पणजोबांच्या नावावर मात्र काहीच नव्हतं. कागदपत्रांतून त्यांचा माग लागेल का?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : ताई, लागू शकतो. पण पिंपळगावापासून सुरुवात करू नका. वऱ्हाडात पिंपळगावं पैशाला पासरी, आणि जुन्या दप्तरात आडनाव बहुतेक नसतंच. ‘गणू वल्द महादू’, म्हणजे महादूचा मुलगा गणू, एवढंच लिहिलेलं असतं. बाई असेल तर अमक्याची ‘जौजे’, नवरा गेला असेल तर ‘बेवा’. तहसीलच्या अभिलेख कक्षात मी उमेदीची वर्षं काढली. तिथं आडनाव शोधत येणारी माणसं रिकाम्या हातानं परत जाताना पाहिली आहेत. बापाचं नाव घेऊन येणाऱ्याला काहीतरी मिळायचं.

तुमच्याकडे ते दोन एकर वावर आहे, तिथून मागं चला. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक असतात. एकेक फेरफार काढत गेलात की आजोबांच्या खरेदीपर्यंत पोचाल. मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सूची बघून त्या खरेदीखताची नकल मागा. लोक त्यात रक्कम आणि चतुःसीमा वाचतात आणि कागद मिटून ठेवतात. तुम्ही साक्षीदार वाचा. पैशाच्या व्यवहाराला माणूस आपलं माणूस सोबत नेतो, मेहुणा नाहीतर चुलतभाऊ. साक्षीदार नदीपलीकडच्या गावाचा निघाला, तर तुमचं अर्धं काम झालं. सातबाऱ्यावर किंवा फेरफारात कुणाच्या नावापुढं ‘अ.पा.क.’ दिसलं, तर तो त्या वेळी अज्ञान, म्हणजे वयानं लहान होता आणि कुणीतरी त्याचं पालन करत होतं असं समजा. वयाचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

बिनजमिनीच्या माणसाला सातबारा ओळखत नाही, पण कोतवाल, म्हणजे गावातला सरकारी चाकर, ओळखत होता. गावातला जन्म आणि मृत्यू तो आपल्या वहीत लिहून घ्यायचा आणि पोलिस ठाण्यात कळवायचा. हीच कोतवाल बुकं आज तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडतात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव पुष्कळदा नसतं. बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. म्हणून आजोबांचं नाव शोधू नका, पणजोबांचं नाव बापाच्या रकान्यात शोधा. त्यांची सगळी लेकरं एकापाठोपाठ दिसतील. पहिलं लेकरू ज्या वर्षी दिसतं, त्याच्या आगेमागे ते गावात आले असावेत. 1918 ची वही हाती आली तर मन घट्ट करून बसा. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत माणसं पटापट गेली आणि कारणाच्या रकान्यात नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असतं.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर विसरू नका. आजोबा शाळेत गेले नसतील, तर त्यांचे भाऊ बघा. जन्मस्थळाचा रकाना भरलेला असला तर थोरल्या भावापुढं नदीपलीकडचं गाव लिहिलेलं असू शकतं.

गाव कळलं की खरी गंमत सुरू होते, कारण नदीच्या दोन्ही काठांचे कागद वेगळे. वर्ध्याकडे मालगुजारी होती. ती 1951 मध्ये गेली. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याचं नाव थेट सरकारदरबारी. त्यामुळे पणजोबांच्या बापाचं तिकडं तुकडाभर वावर असेल, तर ते नाव सापडण्याची आशा जास्त. जमिनीच्या तुकड्याचा इकडं खसरा नंबर विचाराल, तिकडं सर्व्हे नंबर विचारा. दोन्हीकडे 1954-55 ची अधिकार अभिलेख पंजी, म्हणजे जमिनीवर कुणाचा हक्क ते सांगणारी नोंदवही, आधी मागा. आपण 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होतो, तेव्हा छापील मथळे हिंदीत दिसले तर दुसऱ्या राज्याचा कागद हाती आला म्हणून ठेवून देऊ नका. धागा यवतमाळकडे निघाला, तर 1905 च्या आधी तो जिल्हा वणी नावानं होता हेही लक्षात असू द्या. त्याहून जुनं काही मोडी लिपीत असेल, तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजानं वाचू नका.

जनगणनेचे घरोघरचे कागद मात्र मागू नका. 1948 च्या कायद्यानं ते गोपनीय आहेत, मिळत नाहीत. नागपूरच्या अभिलेखागारात पहिल्याच दिवशी धावण्यातही अर्थ नाही, तिथं सरकारचा कारभार सापडतो, सालदार क्वचितच. काही जिल्ह्यांचे जुने कागद शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन करून टाकलेत, तिथं आपला तालुका आहे का ते घरबसल्या पाहून घ्या.

आणि कचेरीबाहेर ‘मी काढून देतो’ म्हणणारा भेटला, तर त्याला चहा पाजा, पण पैसे देऊ नका. नकलेचा अर्ज स्वतः द्या. त्यात मौजा म्हणजे गाव, साल आणि बापाचं नाव तिन्ही लिहा, नाहीतर ‘आढळून येत नाही’ असा शेरा येतो आणि तो शेरा खोटाही नसतो. नाव सापडलं की लगेच उठू नका. आधीची आणि नंतरची पानंही चाळा, कारण भाऊबंदांची घरं लागून असायची आणि त्यांच्या घरच्या नोंदी तिथंच कुठंतरी असतात.