भुमका, पडियार की मांत्रिक?

प्रश्न असा : डोंगरातल्या लोकांवरचा लेख मराठीत आणताना ‘शामन’ला, म्हणजे देवादिकांशी थेट बोलणाऱ्या माणसाला, मांत्रिक म्हणावं का? आणि गावाला, शेताला पुन्हा जीव देणाऱ्या विधींना ‘नवसंजीवन विधी’ चालेल का?

मांत्रिक नकोच. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर हा शब्द बातमीतल्या आरोपीलाच चिकटला आहे, आणि त्याआधीही तो काही आदराने घेतला जात नव्हता. विदर्भाच्या डोंगरात या माणसांना त्यांची स्वतःची नावं आहेत.

मेळघाटात, म्हणजे धारणी-चिखलदऱ्याकडे, कोरकू आदिवासींमध्ये दोन माणसं वेगळी. भुमका हा गावाचा पुजारी. गावाबाहेर दगडांच्या रूपात मुठवा देव असतो, त्याची पूजा भुमक्याकडे; हे काम बहुधा बापाकडून मुलाकडे येतं. पडियार मात्र तो, ज्याच्या अंगात देव येतो. त्याला घराणं लागत नाही. ‘शामन’ हा मूळ सैबेरियातल्या एवेंकी लोकांचा शब्द, आणि तोही देवादिकांशी थेट बोलणाऱ्यासाठीच. म्हणजे त्याच्या जवळचा पडियार, भुमका नव्हे. तरी बातम्यांत सरसकट भुमकाच येतो. बोलण्यातही ‘भुमक्याले दाखवलं का?’ असंच विचारतात, कारण दुखणंबाणं आलं की आधी त्याचंच दार.

तान्ह्या पोराचं पोट फुगलं की तापल्या लोखंडाने पोटावर चटके देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. ही प्रथा बंद व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण म्हणून भुमका म्हणजे चटके देणारा, एवढाच अर्थ मराठीत रुजला तर साऱ्या गावाच्या वतीने देवापुढे उभा राहणारा माणूस त्या शब्दातून पुसला जाईल. याचं मला फार वाईट वाटतं.

‘नवसंजीवन’ म्हटलं की आदिवासी भागात सरकारी योजनाच आठवते, तेव्हा तोही टाळा. गडचिरोलीत भामरागडकडचे माडिया आदिवासी ‘विज्जा पंडुम’ करतात. विज्जा म्हणजे बी, पंडुम म्हणजे सण. पेरणीआधी गावाचा पेरमा, म्हणजे पुजारी, बियाण्याची पूजा करतो, मगच बी शेतात पडतं. नवं फळ, नवं धान्य आलं की त्याचाही पंडुम; तोवर ते तोंडात घालायचं नाही. आपल्या ‘नवान्न’ची ही सख्खी भावंडं, त्यामुळे मराठी वाचक अडणार नाही.

लेख ज्या लोकांचा आहे त्यांचाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ओळभर अर्थ द्या. सामान्यनाम हवंच असेल तर ‘भगत’ घ्या. वारल्यांकडेही तोच चालतो.